जुनी मोटार आणि नवा ठसा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारी नौका २०२० सालीं सुरू झाली, आणि पनवेल-पेणचा लांबचा फेरा टाळून तासाभरांत गाडीसह अलिबागेच्या वाटेला लागणें शक्य झालें. या नौकेच्या पोटांतून नव्या गाड्यांच्या रांगेंत मधूनच एखादी वाटोळ्या दिव्यांची फियाट किंवा उघडी लष्करी जीप बाहेर पडते. धक्क्यावरील माणसें क्षणभर थांबून तिच्याकडे पाहतात, आणि मालक अभिमानानें सांगतो कीं, गाडी पूर्णपणें मूळची आहे. हे शब्द उच्चारण्यास फार सोपे आहेत. त्यांची शाबिती करणें मात्र एखाद्या जुन्या दस्तऐवजाची शाबिती करण्याइतकेंच कठीण आहे.

जुन्या मोटारींचा शोक आतां संस्थानिकांपुरता राहिलेला नाहीं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं मध्यमवर्गीय घरानें घेतलेली साधी गाडीही आज कौतुकाची वस्तु झाली आहे, आणि कौतुकाच्या पाठोपाठ किंमत आली. ही किंमत गाडी किती चकाकते यावर ठरत नाहीं. ती गाडी कारखान्यांतून निघाली तेव्हांचें लोखंड तिच्या अंगावर किती उरलें आहे यावर ठरते. ज्या घरानें वडिलांची गाडी तीस वर्षें पडवींत झांकून ठेवली त्यास रास्त मोबदला मिळावा कीं नाहीं, आणि ज्यानें आयुष्याची शिल्लक घालून ती घेतली त्याच्या पदरीं खरी गाडी पडली कीं लोखंडाचें सोंग, हे दोन्ही प्रश्न एकाच परीक्षेवर येऊन ठेपतात.

या परीक्षेंत 'ठसा' हा शब्द दोन अर्थांनीं येतो, आणि बहुतेक घोटाळा या दोन अर्थांच्या मिसळीनें होतो. मोटारीचा दरवाजा, चिखलरोधक पंखा, पुढील जाळी हे भाग पोलादी पत्रा दोन जड ठशांमध्यें दाबून काढलेले असतात. मूळ ठसे मोडींत गेले तरी नवे ठसे करून तसाच पत्रा आज पुन्हां दाबतां येतो. हा झाला एक अर्थ. दुसरा अर्थ निराळा आहे. गाडीच्या सांगाड्यावर व इंजिनावर कारखान्यांत जो क्रमांक ठोकलेला असतो तोही ठसाच. आणि तोही घासून पुन्हां ठोकतां येतो. पहिल्या प्रकारांत एक भाग नव्यानें केला जातो, दुसऱ्यांत एक विधान नव्यानें केलें जातें. गंजलेल्या दरवाजाच्या जागीं नवा दरवाजा बसविणाऱ्या कारागिरानें कोणाचेंच नुकसान केलेलें नाहीं. अमुक सांगाडा अमुक सालीं अमुक कारखान्यांतून निघाला असें पोलादावर खोटें लिहिणाऱ्यानें मात्र केलें आहे.

नव्या ठशाचा हा प्रश्न रायगडच्या परिसरास नवीन नाहीं. १६७४ सालीं राज्याभिषेक झाल्यावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हीं अक्षरें धारण करणारें तांब्याचें नाणें, म्हणजेच शिवराई, प्रचारांत आलें. पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ तेंच नाणें, त्याच नांवानें, निरनिराळ्या टांकसाळींत पाडलें जात राहिलें. अठराव्या शतकाच्या मध्यास तांब्याचीं नाणीं पाडण्याचे मक्ते पेशव्यांच्या सरकारांतून दिले जात, आणि त्यांत रेवदंडा व नागोठणें हीं याच किनाऱ्यावरील ठिकाणें होतीं; न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं मराठ्यांच्या टांकसाळींविषयींच्या आपल्या निबंधांत त्यांची नोंद केली आहे. नाणें किती मासे भरावें हें मक्त्यांत ठरवून दिलेलें असे. मग मक्तेदारानें पाडलेली शिवराई खोटी म्हणावी काय? मुळींच नाहीं. ती खरी आहे, परंतु ती शिवकालीन नाहीं. जो व्यापारी ती महाराजांच्या हयातींतील म्हणून विकतो तो खरें नाणें खोट्या नांवानें विकतो. आणि गेल्या कांहीं दशकांत कोणी तसाच साचा करून काल-परवां पाडलेलें नाणें हें तिसरेंच प्रकरण. जाणकार या तिन्हींत भेद करतात तो वजनावरून, अक्षरांच्या वळणावरून आणि आणखी एका गोष्टीवरून: त्या काळीं ठसा हा नाण्याच्या चकतीहून मोठा असे, त्यामुळें खऱ्या शिवराईवर सगळीं अक्षरें पुरतीं उमटलेलीं क्वचितच दिसतात. ज्या नाण्यावर प्रत्येक अक्षर मधोमध आणि संपूर्ण आहे त्याकडे तज्ज्ञ दोनदां पाहतो. मोटारीच्या बाबतींतही अशाच अति नीटनेटकेपणानें पुष्कळ लबाड्या उघडकीस आल्या आहेत.

मोटारींच्या मूळपणाला आपल्याकडे कायद्याचेंही महत्त्व प्राप्त झालें आहे. केंद्र सरकारनें १५ जुलै २०२१ रोजीं १९८९ च्या मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्राचीन वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेलीं, खाजगी वापराचीं दुचाकी व चारचाकी वाहनें तींत येतात. परंतु सांगाडा, अंगाचा पत्रा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, आणि नूतनीकरणास ५,००० रुपये. क्रमांकाच्या पाटीवर 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. अशी गाडी रोजच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतफेरी, दुरुस्ती, इंधन भरणें अशाच कारणांसाठीं ती बाहेर काढावयाची. राज्यानें नेमलेली समिति गाडी तपासते. म्हणजे पूर्वीं जो वाद दोन शोकीनांत चहाच्या टेबलावर चाले, तो आतां सरकारी तपासनिसापुढें येतो; आणि मोठा फेरफार कशास म्हणावें याचा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो.

तपासणीची सुरुवात होते ती क्रमांकापासून. परिवहन कचेरींत कागदाचा तुकडा सांगाड्यावरील क्रमांकावर ठेवून वरून पेन्सिल घासण्याची जुनी पद्धत अनेकांस ठाऊक असेल. शाळकरी मुलें कागदाखालीं नाणें ठेवून करतात तोच हा खेळ. या पेन्सिलीच्या ठशाचें मोल पुष्कळ आहे. त्यांत अंक तर उमटतातच, पण त्यांच्या आसपासची जमीनही उमटते. कारखान्यांत ज्या पृष्ठभागावर क्रमांक ठोकला तो आधीं यंत्रावर घासून सपाट केलेला असे, आणि यंत्राच्या पात्याच्या बारीक समांतर रेषा त्यावर राहत. पुढें कोणी कानस किंवा घासकागद चालवून जुने अंक उडविले तर या रेषाही उडतात. नव्या अंकांभोंवतीं गुळगुळीत किंवा वेडीवांकडी घासलेली जमीन दिसली कीं, अंक कितीही सुबक असले तरी शंका घ्यावी. इंजिनावरील क्रमांकाच्या बाबतींत ही खूण विशेष उपयोगी पडते.

अंकांचीही हस्ताक्षराप्रमाणें परीक्षा होते. प्रत्येक कारखान्याचे अंकांचे छाप ठराविक वळणाचे असत; चाराची टोंकें उघडीं कीं मिटलेलीं, एक पायाचा कीं बिनपायाचा, सहा आणि नऊ एकच छाप उलटा करून काढलेले कीं निरनिराळे, इतक्या बारीक गोष्टी पाहाव्या लागतात. हातानें ठोकलेले अंक किंचित् वरखालीं असतात आणि त्यांची खोली सारखी नसते. एखाद्या छापाची कड फुटली असली तर तीच फूट त्या सुमारास तयार झालेल्या सर्व गाड्यांवर सांपडते. म्हणून एकाच गाडीकडे टक लावून बसण्यापेक्षां मागच्या-पुढच्या क्रमांकांच्या चार निःसंशय गाड्या पाहून यावें हें उत्तम. इंजिनाच्या ओतीव भागांवर पुष्कळदां ओतकामाची तारीखही असते. गाडीच्या जन्मानंतर ओतलेला भाग मूळचा असूं शकत नाहीं, हें सांगण्यास तज्ज्ञ लागत नाहीं. आश्चर्य हेंच कीं, हा साधा हिशेब लबाडी करणाराही अनेकदां विसरतो.

क्रमांक घासून टाकला म्हणजे पुरावा नाहींसा झाला अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. पोलादावर छाप ठोकला असतां खांच पडतेच, पण खांचेच्या खालचे धातूचे कणही दाबले जाऊन त्यांची मांडणी बिघडते. वरचा थर कानशीनें काढला तरी खालचा दाबलेला भाग कायम राहतो. तेथें ताम्रक्षार व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचें मिश्रण लावलें कीं दाबलेला आणि न दाबलेला धातु सारख्या वेगानें झिजत नाहींत, आणि गेलेले अंक पुसट छायेप्रमाणें वर येतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळांतून चोरीच्या वाहनांसाठीं हा उपाय नित्य योजतात. फार खोल घासलें असल्यास तो चालत नाहीं. परंतु तितकें खोल घासलेलें पोलाद डोळ्यांनाच दिसतें. हें काम मात्र मालकानें घरच्या अंगणांत करूं नये. आम्ल हाताला आणि पुराव्याला सारखेंच घातक आहे.

आतां ज्या वाहनाविषयीं आपल्याकडे सर्वांत अधिक दंतकथा आहेत त्या जीपकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत विलीज व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं एकाच आराखड्याच्या सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या केल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत उरलेल्या लष्करी गाड्या विक्रीस निघाल्या. त्याच सुमारास, १९४५ सालीं, स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद या मंडळीनें १९४७ पासून मुंबईंत माझगांव येथें जीप जोडण्यास आरंभ केला; १९४८ सालीं तिचें नांव महिंद्र आणि महिंद्र असें झालें. या नागरी जीपगाड्या दिसावयास लष्करी गाडीच्या सख्ख्या बहिणी. त्यामुळें नागरी गाडीचे भाग लष्करी गाडीस आणि लष्करी गाडीचे नागरी गाडीस बसविणें गावोगांवच्या मिस्त्रींना सोयीचें पडलें. गाडी चालती राहावी एवढाच तेव्हां उद्देश होता. पुढें कोणी याची वंशावळ काढील हें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें.

या दोन बहिणी ओळखण्याच्या खुणा मात्र ठळक आहेत. युद्धकाळच्या जीपच्या जाळीला नऊ फटी, नागरी जीपच्या जाळीला सात. लष्करी गाडीचे दिवे जाळीच्या आंत दबलेले आणि बिजागरीवर मागें वळून इंजिनावर प्रकाश टाकणारे. नागरी गाडीचे मोठे व बाहेर आलेले. लष्करी गाडीला मागें उघडणारी फळी नाहीं, नागरी गाडीला आहे. विलीजच्या अगदीं पहिल्या गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती; एकाच पत्र्यांतून दाबून काढलेली जाळी ही फोर्डची काटकसर, आणि तीच पुढें विलीजनेंही उचलली. म्हणजे आज जी जाळी जीपची ओळख समजली जाते तीच मुळांत स्वस्त पडावी म्हणून केलेला ठशाचा भाग होती.

फोर्डची दुसरी प्रसिद्ध खूण म्हणजे 'एफ्' हें अक्षर. आपण केलेल्या भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां, फोर्डनें हें अक्षर उठविलें. पुष्कळ वर्षें संग्राहकांनीं त्यावर डोळे मिटून विश्वास ठेविला. आज 'एफ्' अक्षराचे नवे बोल्ट, नव्या पाट्या आणि नवे पत्रे परदेशांत उघडपणें विकत मिळतात. त्यांत लपवाछपवी नाहीं; पण ते एकदां रंगाखालीं गेले आणि गाडीचे दोन-तीन धनी बदलले कीं नवा बोल्ट जुन्याच्या मानानें मिरवूं लागतो. म्हणून खुणेचें अक्षर असणें हा आतां पुरावा उरलेला नाहीं. नसणें हा मात्र थोडासा पुरावा अजून आहे.

आणि क्रमांकांचें काय? सामान्य समजूत अशी कीं, सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक जुळला म्हणजे गाडी अस्सल. फोर्डच्या जीपच्या बाबतींत कारखान्यांतून निघतांना हे दोन क्रमांक सारखे असत हें खरें. विलीजच्या जीपच्या बाबतींत ते मुळांतच निरनिराळे असत. म्हणजे विलीजच्या जीपचे दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळत असतील तर आनंदानें पैसे मोजण्याऐवजीं हात आंखडता घ्यावा. कारण कोणी तरी गिऱ्हाइकाच्या समजुतीप्रमाणें पोलाद लिहून ठेवलें आहे. शिवाय लष्करी कार्यशाळांत दुरुस्त इंजिनें एका गाडीतून दुसरींत सर्रास घातलीं जात. तेव्हां न जुळणारें इंजिन हा जीपच्या खऱ्या इतिहासाचाच भाग असूं शकतो, आणि तो पुसून जुळविलेलें इंजिन घालणें ही सुधारणा नव्हे.

पत्र्याची परीक्षा क्रमांकाहून सोपी, कारण तींत डोळे आणि बोटें दोन्ही चालतात. कारखान्यांतील भोंकें मुख्यतः दाबून पाडलेलीं असत. अशा भोंकाची एक कड किंचित् आंत वळलेली आणि दुसरीवर बारीक कुसळ असते. आजच्या प्रकाशकिरणानें कापलेल्या भोंकाची कड सरळ, उभ्या रेघांची असते. हातानें ठोकून केलेल्या भागाच्या आंतल्या बाजूस हातोडीच्या पुसट वाटोळ्या खुणा चाचपडतां येतात. जुन्या कारखान्यांतील विजेच्या ठिपक्यांचे सांधे ठराविक अंतरावर असत. दुरुस्तीचे सांधे जेथें हात पोंचेल तेथें असतात. साध्या लोहचुंबकाला कागद गुंडाळून पत्र्यावरून फिरविलें कीं, रंगाखालीं लांबीचा जाड लेप कोठें भरला आहे तें तो पकड सोडून सांगतो. आणि नेहमीं आंतली बाजू पाहावी. बाहेरची बाजू विक्रीसाठीं असते.

रायगडच्या किनाऱ्यावर एक साक्षीदार फुकट मिळतो, तो म्हणजे खारा वारा. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत समुद्राजवळच्या घरांत खिडकीचे गज आणि दरवाजांच्या बिजागऱ्या किती लवकर फुगतात हें तेथील गृहिणीस सांगावें लागत नाहीं. जी गाडी चाळीस वर्षें मुरुडास किंवा रेवदंड्यास राहिली असें म्हणतात, तिच्या पायफळीच्या पोकळ भागांत, दरवाजाच्या तळाच्या घडींत आणि सांध्यांच्या पोटांत त्या चाळीस वर्षांची नोंद असावयास हवी. ती नसेल तर एक तर पत्रा बदलला आहे किंवा मुक्कामाची गोष्ट रचलेली आहे. यांतली पहिली शक्यता निरपराध आहे, दुसरी नाहीं. लबाडी करणारा ही उणीव मिठाचें पाणी आणि आम्ल लावून भरून काढूं पाहतो. पण दोन आठवड्यांत आणलेला गंज वरवरचा, नारिंगी आणि सगळीकडे सारखा पसरतो. वर्षानुवर्षें मुरलेला गंज काळसर, थराथरांचा आणि पाणी जेथें सांचतें तेथेंच खोल गेलेला असतो.

आणखी एक वर्ग आहे, तो या दोन्ही पंक्तींत बसत नाहीं: दुसऱ्या गाडीचा खरा भाग. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट व पुढें पद्मिनी या गाड्या कित्येक दशकें तयार झाल्या. मुंबईंत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत झाली, आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. अशा टॅक्सी मोडींत निघतांना त्यांचे भाग शोकिनांच्या हातीं आले. ते भाग कुर्ल्याचेच, अस्सल. पण १९६५ च्या घरगुती फियाटच्या अंगावर ते चढविले तर ती गाडी पुरती १९६५ ची म्हणतां येत नाहीं. तसें सांगून विकली तर तक्रार करण्यास जागा नाहीं.

भाग बदलत बदलत गेलेली गाडी कोठपर्यंत तीच गाडी राहते, हा प्रश्न एकदां लंडनच्या उच्च न्यायालयापुढेंही आला. १९२९ व १९३० अशीं दोन वर्षें ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' नांवाची बेंटली गाडी. तिच्यांत शर्यतींसाठीं पुनःपुन्हां बदल झाले. १९३२ सालीं ब्रुकलँड्स येथील भयंकर अपघातानंतर तर तिला निराळेंच अंग चढविलें गेलें. १९९० सालीं एड हबर्ड यांनीं ती एका कोटी पौंडांस मिडलब्रिज कंपनीला विकण्याचा सौदा केला, आणि ही ती गाडीच नव्हे असें म्हणून खरेदीदार मागें हटला. १९२९ च्या गाडीचे फारच थोडे भाग तिच्यांत उरले होते हें उभयपक्षीं उघड होतें. तरीही न्यायमूर्ति ऑटन यांनीं असा निर्णय दिला कीं, गाडी कधींही मोडून नाहींशी झालेली नाहीं, एका अखंड इतिहासांतून ती टप्प्याटप्प्यानें बदलत आली, म्हणून ते नांव लावण्याचा तिला अधिकार आहे. शोकिनांत या निवाड्यावर अजून वाद होतो. पण न्यायालयापुढें पारडें झुकलें तें कागदपत्रांनीं, छायाचित्रांनीं आणि साक्षींनीं. प्रत्येक बदल केव्हां झाला हें दाखवितां आलें म्हणून.

या निवाड्यांत आपल्या गृहस्थानें घेण्यासारखी गोष्ट ही आहे. जुन्या पावत्या, नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद, गाडीपुढें उभे राहून काढलेलें लग्नांतलें छायाचित्र, पेन्सिलीनें घासून ठेवलेला क्रमांकाचा ठसा, हें सगळें एका पाकिटांत ठेवावें आणि गाडी विकली तर पाकीटही द्यावें. दरवाजा बदलला असेल तर त्याची पावती लपवूं नये. जगांतील प्राचीन वाहनांच्या संघटनांचा जो महासंघ आहे त्यानें २०१२ सालीं मान्य केलेल्या तुरिनच्या सनदेंतही हाच विचार आहे: बदललेला भाग पुढें ओळखतां यावा अशी कायमची, पण डोळ्यांत न भरणारी खूण त्यावर असावी.

आपल्या घरांत ही रीत नवी नाहीं. तांब्याच्या हंड्याचें बूड झिजलें कीं तांबट नवें बूड बसवितो. आजीचें नांव, गांव आणि साल कांठावर टिंबाटिंबांनीं घातलेलें तसेंच राहतें, आणि हंडा आजीचाच राहतो. बूड जुनें असल्याचा दावा कोणी करीत नाहीं. नवा पंखा दाबून देणाऱ्या पत्रेकामाच्या कारागिरानें आपलें नांव आणि साल आंतल्या बाजूस, रंग लागण्यापूर्वीं, तसेंच टिंबांनीं घातलें तर त्यास पांच मिनिटेंही लागणार नाहींत. गाडी करावयास देतांना मालकानें त्याला एवढें सांगावयाचें असतें, आणि तें पावतीवर लिहून घ्यावयाचें असतें.